मैनाचं नाव कुठल्या यादीत?

मालगुंडात भिकाजीकाकांइतका संशयी माणूस दुसरा नाही. सुरमईचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय ते मासेवालीशी बोलतसुद्धा नाहीत. तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर खलाशी होते. विश्वास एकाच गोष्टीवर, शिक्का मारलेल्या कागदावर. आम्ही शेजारी त्यांची टिंगल करायचो. मी जरा जास्तच करायचो, खोटं कशाला सांगू?

त्यांची पुतणी मैना रत्नागिरीत एका आजारी शेठजींची शुश्रूषा करायची. शेठ पंधरा दिवस आखातात मुलाकडे निघाले, तेही भाड्याच्या खासगी विमानाने. मैनाला सोबत नेणार होते. मैनाच्या आईने, सखूवहिनींनी, देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला लावलेली उजवीकडची कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. झालं, बॅग भरायला घेतली.

काकांनी विचारलं, "व्हिसा कुठाय?"

"खासगी विमानाला लागत नाय म्हणे," मैना म्हणाली. "शेठचे मॅनेजर सगळं बघतायत."

"विमान शेठचं असंल गो. देश काय शेठचा हाय?"

"भावोजी, देवानं उजवा कौल दिलाय!" सखूवहिनी म्हणाल्या.

"देवाला काय विचारलंत? पोर जाऊ दे का, एवढंच ना? कागदावर काय म्हणून जाणार, ते विचारलंत? अर्धाच प्रश्न घातलात, तर देव तरी काय करंल?"

वहिनी तणतणत आत गेल्या. देवाच्या कौलावरही संशय म्हणजे अतीच झालं, असं मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन रत्नागिरीला मॅनेजरकडे गेले. सलिल नावाचा गोडबोल्या तरुण. त्याने कोकम सरबत मागवलं. काकांनी पेल्याला हात लावला नाही.

"मैनाचं नाव कुठल्या यादीत हाय?"

"काका, प्रवाशांना व्हिसा लागतोच. शेठचा काढलाय. मैनाचा काढायला वेळ नव्हता, म्हणून तिला विमानाच्या कर्मचाऱ्यांत दाखवलंय. त्यांना व्हिसाशिवाय उतरू देतात."

"देतात. जहाजावर आमालापण द्यायचे. पन कर्मचारी ज्या विमानातून उतरला, त्याच विमानातून परत गेला पायजे. विमान तिला टाकून निघालं तर?"

"असं कसं होईल?"

"मग लिहून द्या."

सलिल हसला. काका हसले नाहीत. मैनाचा पासपोर्ट त्याच्या कपाटात होता. तो हातात पडेपर्यंत काका खुर्चीवरून उठले नाहीत.

मैनाची नोकरी गेली. ती चार दिवस काकांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी अंगणात येऊन एवढंच म्हणाली, "माझ्या जागी हातखंब्याची आरोही चाललीय. परवा विमान हाय. तिच्या घरात कोण आडवं आलं नाय." मला पोरीची दया आली आणि काकांचा राग आला.

विसेक दिवसांनी मैनाचा फोन वाजला. पलीकडे आरोही रडत होती. शेठ तिकडे इस्पितळात पडले, विमानाचा करार संपला आणि विमान दुसरं गिऱ्हाईक घेऊन निघून गेलं. ती परतायला विमानतळावर गेली, तर तिकडचे अधिकारी विचारत होते, तू कर्मचारी, तर तुझं विमान कुठे आहे? तिला तिथल्याच एका खोलीत बसवून ठेवलं होतं. सलिल फोन उचलत नव्हता. "तुझ्या काकांना विचार ना, मी काय करू?"

काकांनी फोन घेतला. "रडू नको. खरं काय ते सांग. कसल्या कागदावर सही करू नको. आपल्या वकिलातीला बोलवा, एवढंच धरून बस." तीन-तीनदा तिच्याकडून वदवून घेतलं आणि फोन मैनाला दिला.

"काका, शेवटी तुमचंच खरं ठरलं," मी म्हटलं.

ते माझ्यावर उखडले. "काय खरं माझं? मला सगळं ठाऊक होतं. हातखंबा इथनं तासाभरावर. दोन दिवस होते मधी. आपल्या पोरीचा पासपोर्ट घेऊन घरात बसलो, नि त्या पोरीच्या बापाला सांगायला गेलो नाय."