थोरला उखर्डू आपलाच

नाही काका, उखर्डू आपला नव्हता हे मी आता ऐकून घेणार नाही. भाऊबंदहो, तुम्हीपण ऐका.

इंग्रज राणीच्या राज्यात आपलं रान नांगरणारा उखर्डू जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर आहे. काका म्हणतात, तो परका. आपल्या घरात हिरामण आणि त्याचा मुलगा आप्पा, एवढंच. म्हणून बांधावर पूर्वजांच्या नावांचा जो दगड बसवतोय, त्यावर उखर्डूचं नाव नको.

आज माझी कापडाची लूम बंद होती. आपली वंशावळ ठेवणारे भाटबुवा इथे शहरात, डिंडोलीतल्या माझ्या खोलीवर आले. त्यांनी वाचलं: उखर्डू, त्याचा हिरामण, हिरामणचा उखर्डू.

मी म्हटलं, "चुकलात बुवा. हिरामणचा मुलगा तर आप्पा."

शेजारच्या जिजाआजी हसायलाच लागल्या. "येडा रे येडा! नातवाला आजाचंच नाव ठेवतात. पन सासऱ्याचं नाव सून तोंडात घेईल का? आप्पा म्हनूनच हाक मारनार ती!"

झालं. आप्पा म्हणजेच धाकटा उखर्डू, मग थोरला आपलाच. तुमच्याही घरातल्या आप्पा-बापूंची खरी नावं विचारलीत का कधी?

काका, पाथरवटाला थांबवा. पहिलं नाव उखर्डूचंच कोरायचं. ते कोरायची मजुरी मी देतो. उद्याच मनीऑर्डर करतोय, दोनशे रुपये.