जांभळे डाग उमटेपर्यंत

नव्वदच्या सुमारास मी पनवेलच्या एका छोट्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत काम करत होते. एकदा उरणकडच्या मिठागरावरचं एक जोडपं दोन मुलांना घेऊन आलं. थोरली भुऱ्या केसांची, शाळेच्या वयाची, पण बोलत नव्हती आणि एका जागी ठरत नव्हती. धाकटा तान्हा. प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल मुलीच्या रक्तात साठतंय आणि मेंदूला इजा करतंय, असा आमच्या डॉक्टरांना संशय होता. तान्ह्यालाही तेच असेल, तर लगेच कळायला हवं होतं.

दोघांचं रक्त घेतलं. तुलनेसाठी माझंही काढलं. रक्तातला पाण्यासारखा भाग वेगळा करून तिघांचे थेंब जाड गाळणकागदाच्या खालच्या कडेला दिले. शेजारी त्या आम्लाचा शुद्ध थेंब दिला आणि कागद काचेच्या बरणीत द्रावणात उभा केला. द्रावण हळूहळू वर चढतं आणि प्रत्येक अमिनो आम्ल आपापल्या उंचीपर्यंत नेतं. त्याला घाई करता येत नाही. घरी गेले, पण जेवणावर मन लागेना.

सकाळी कागद वाळवला, रंग आणणारं औषध फवारलं. ओव्हनमध्ये ठेवणार तोच वीज गेली. उष्णतेशिवायही डाग येतात, पण फार सावकाश. कागद टांगला आणि सारखी उठून बघत राहिले. बाहेर बाकावर मुलगी आईच्या हाताला हिसके देत होती.

“ताई, कळला काय?”

“अजून नाही. बसा जरा.”

हे मी किती वेळा म्हटलं असेन.

दुपारी जांभळे डाग दिसू लागले. मुलीच्या ओळीत, शुद्ध थेंबाच्या उंचीवर, मोठा गडद डाग होता. बाळाची ओळ माझ्यासारखीच फिकट.

“बाळाला काही नाही,” डॉक्टर म्हणाले. बाप डोळे पुसू लागला. आई मुलीकडेच बघत होती.

“नि हिचा काय?”

झालेली इजा भरून येणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं. पण मासळी, डाळ, दूध अगदी कमी केलं तर तिचा जीव जरा शांत होईल.

“मासली नाय द्यायची? ती दुसरा काय खातच नाय.”

काही महिन्यांनी आई मुलीला पुन्हा तपासणीला घेऊन आली. मुलगी अजून बोलत नव्हती, पण बाकावर बसून होती. डाग थोडा फिका आला.

“कसं जमवलंत?” मी विचारलं.

“आमी पन घरात मासली करत नाय आता,” आई म्हणाली. “ती बघते ना.”