खालची खोली आणि सायकल

वाचनालयातल्या कॅटलॉगवाल्याला सगळे त्याच्या पाठीमागे ‘बिनचूक’ म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. तीस वर्षांत त्याच्या हातून एका पुस्तकाचा क्रमांक चुकला नव्हता. असा माणूस रागावला की काय होतं, ते ऐका.

पुस्तकांची बांधणी करणाऱ्या बाइंडरबाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि बिनचूकचं टेबल तळमजल्यावर. एक दिवस बाईंच्या डाव्या पायाने दगा दिला. पाऊल उचललंच जाईना, चवडा फरशीला घासत जायचा. तपासण्या झाल्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. डॉक्टर म्हणाले, वायरीवरचं प्लास्टिक उडालं की दिवा लुकलुकतो ना, तसं तुमच्या नसांचं झालंय. मेंदूचा निरोप पायाला कधी पोचेल, कधी नाही. वाचनालयाच्या मोठ्या मॅडमनी बाईंना खाली आणलं, पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि खळीचं पातेलं यांच्यासकट. बिनचूक त्यांच्या जागी वर गेला. अडतीस पायऱ्या! त्याचे गुडघे आधीच कुरकुरत होते, पण आजारी बाईपुढे बोलणार काय? 

आणि एका संध्याकाळी खिडकीतून पाहतो तर काय! दिवसभर काठी टेकत, भिंत धरत चालणाऱ्या बाई सायकलवरून सुसाट निघाल्यात. पाठ ताठ, वर घंटीही वाजवताहेत. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे वा! म्हणजे काठी फक्त आम्हाला दाखवायला!” दुसऱ्याच दिवशी मॅडमच्या टेबलावर निनावी चिठ्ठी गेली: बाई सायकल चालवतात, सबब आजार हे नाटक आहे.

मॅडमनी ती बाईंना दाखवली. “लोक बोलायला लागलेत. सायकल ठेवायची की खालची खोली, ते सोमवारी सांगा.”

बिनचूकला तेवढ्यानेही चैन पडेना. पुरावा हवा ना! शनिवारी तो स्कूटर घेऊन बाईंच्या घरापाशी आधीच जाऊन थांबला. फाटकालगत एक बुटका कट्टा होता, त्याला लोखंडी कठडा. कट्ट्याला खेटून त्याने स्कूटर लावली आणि हेल्मेट न काढताच वर्तमानपत्र उघडलं.

बाई आल्या. कट्ट्यापाशी वेग कमी केला, स्कूटर पाहिली आणि पुढे गेल्या. गल्लीला वळसा घालून घंटी वाजवत परत आल्या, परत गेल्या. चौथ्या फेरीला बिनचूक मनात म्हणाला, काय हा उत्साह! सहाव्या फेरीला मात्र बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता आणि हँडल डगमगत होतं. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई दारात आली.

“अहो हेल्मेटवाले, ती गाडी काढा आधी! पोरगी कधीची घिरट्या घालतेय, दिसत नाही?”

“मग उतरायला काय झालंय त्यांना?”

“कशी उतरेल? डावा पाय पट्टीने पेडलला बांधलाय, नाहीतर घसरून चाकात जातो. उजवा या कट्ट्यावर टेकला, कठडा धरला, तरच थांबता येतं. जमिनीवर टेकायला गेली की आडवी. दोनदा आपटलीय!”

बिनचूकने धडपडत स्कूटर ओढली. पुढच्या फेरीला बाईंनी कट्ट्यावर पाय टेकला आणि कठडा घट्ट धरला. त्याने हँडल सावरलं. बाईंनी वाकून पट्टी सोडली आणि दोन्ही हातांनी डावा पाय उचलून खाली ठेवला. मघाशी इतका गरगर फिरणारा पाय, आणि आता ओल्या पुठ्ठ्यासारखा लोंबत होता.

“पेडल पायाला फिरवून नेतं हो भाऊ,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “चालताना प्रत्येक पाऊल मलाच उचलावं लागतं. आणि ते हेल्मेट काढा आता. तुमच्या हातची हजारो लेबलं चिकटवलीत मी, चिठ्ठीतलं अक्षर ओळखणार नाही होय?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

“सोमवारी मी खोली सोडणार,” बाई म्हणाल्या. “बसत बसत चढेन जिना. दिवसभर मी पेशंटच असते, जो तो तब्येत विचारतो. घरचा वीस मिनिटांचा रस्ता तेवढा माझा आहे. तो नाही सोडणार.”

काय बाई आहे ही! बिनचूकने हेल्मेट काढलं. “काही सोडू नका. चिठ्ठी मी परत घेतो.”

“दया येऊन घेऊ नका.”

“मग काय म्हणून घेऊ?”

“चुकलात म्हणून.”

सोमवारी तो मॅडमपुढे उभा राहिला. “ती चिठ्ठी माझी आहे. आणि ती चुकीची आहे,” म्हणाला, आणि शनिवारचं सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या स्कूटरसकट. मॅडमनी चिठ्ठी फाडून टाकली.

मग खाली आला. बाई पुस्तक शिवायला बसल्या होत्या.

“खोलीही तुमची, सायकलही तुमची,” तो म्हणाला.

बाईंनी मान खाली घातली आणि सुईत दोरा घालायला लागल्या. दोरा काही जाईना, हात थरथरत होता. बिनचूक घाईने पुढे झाला.

“राहू द्या हो,” बाई डोळे पुसत हसल्या. “हे आजाराचं नाही.”