लेकीच्या दारावरची तुळई

मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला होता, पण घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. त्यांच्या हातातली कपबशी वाजायला लागली की बायको रेडिओ मोठा करायची. तिला सगळे सुतारकाकू म्हणत, पण लाकडाला तिचा हात लागायचा तो पॉलिशपुरता. भोकं पाडणं, बोल्ट आवळणं ही मिस्त्रींची मक्तेदारी.

लेकीला तिच्या घराच्या पुढच्या दारावर छप्पर हवं होतं. त्यासाठी विटांच्या भिंतीला एक आडवी, जाडजूड तुळई ठोकायची होती. दोघांनी ती उचलून दोन टेकूंवर ठेवली. डावं टोक पक्कं बसलं. उजव्या टोकाला मिस्त्री शिडीवर चढले आणि काकू खालून त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या.

ड्रिलमधून आधी विटेची लाल भुकटी पडली, मग एकदम पांढरट वाळू. हात हलला होता. ड्रिलचं टोक दोन विटांमधल्या सांध्यात शिरलं होतं.

"अहो, वाळू येतेय. सांधा पोकळ दिसतोय."

"मला शिकवू नकोस."

त्यांनी बोल्ट घातला. पाना फिरवला तसा बोल्टही पकड न घेता गिरगिर फिरू लागला.

"बसला. टेकू काढ."

"नाही काढणार."

मिस्त्रींनी शिडीवरूनच पायानं टेकू उडवला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग वाळू भसकन ओघळली, बोल्ट निसटला आणि तुळईचं टोक मिस्त्रींच्या खांद्यावर आलं. शिडी करकरली. तेवढ्यात आतून लेकीची हाक आली, "आई, चहा आणतेय गं!" आणि कडी वाजली.

"दार उघडू नकोस! आतच थांब!" काकू अशा ओरडल्या की कडी जागीच थांबली.

त्यांनी टेकू उचलून तुळईखाली लावला. पण मिस्त्रींचा खांदा थरथरत होता, तुळई उडत होती, टेकू सरकत होता.

"मला जमत नाहीये गं," मिस्त्री पुटपुटले. उभ्या संसारात हे वाक्य काकूंनी पहिल्यांदाच ऐकलं.

"जमेल. डोकं भिंतीला टेकवा. श्वास रोखून धरा."

त्यांनी कपाळ विटांना लावलं. तुळई निमिषभर स्थिर झाली. काकूंनी टेकूच्या बुडाशी हातोडा हाणला. टेकू ताठ उभा राहिला.

मिस्त्री उतरले आणि पायरीवर मटकन बसले. लेक मागच्या दारानं धावत आली. मिस्त्रींनी ड्रिल बायकोपुढे धरलं.

"विटेच्या मधोमध पाड. जोर लावू नकोस. त्याला त्याच्या चालीनं जाऊ दे."

काकू शिडीवर चढल्या. जुन्या भोकाशेजारी, विटेच्या मधोमध त्यांनी ड्रिल टेकवलं. भोक पूर्ण होईपर्यंत लाल भुकटीच पडत राहिली. पाना हलेनासा होईपर्यंत त्यांनी बोल्ट आवळला. दुसराही तसाच. मग दोन्ही टेकू काढले आणि कुणाला काही कळायच्या आत पदर खोचून त्या तुळईला लोंबकळल्या.

"अगं, वेडी आहेस का!" मिस्त्री ताडकन उठले.

"लग्नानंतर दुप्पट झालेय मी," काकू वरून म्हणाल्या. "छपराचं काय घेऊन बसलात?"

तुळई जागची हलली नाही. लेक हसायला लागली. मिस्त्रींनी मात्र दोन्ही हातांनी बायकोचे पाय घट्ट धरले होते, आणि ती खाली उतरेपर्यंत सोडले नाहीत.