कोचचा डावा हात

माझ्या लेकीचा खांदा आज धड आहे, तो तिच्या कोचमुळे. इथे सिंगापुरात, पुंगोलच्या मैदानावर दर शनिवारी मुलींना बेसबॉल शिकवणारा हा माणूस डॉमिनिकन रिपब्लिकचा. तिकडे आणि पुढे अमेरिकेत तो व्यावसायिक पिचर होता. पिचर म्हणजे आपल्याकडचा बोलर. बोलतो मोजकंच. बाटली उघडणं, छत्री धरणं, हात मिळवणं, सगळं डाव्या हातानं. मला वाटायचं, डावखुरा असेल.

मी पडलो क्रिकेटवाला. लेकीला घरी कोपर ताठ ठेवून चेंडू टाकायला शिकवलं होतं. ते बघून तो हसला नाही. "पापा, इथे कोपर वाकवायचं," एवढंच म्हणाला.

मागच्या सामन्यात एकच बॅटर बाद करायची राहिली होती. लेक चेंडू टाकत होती. तेवढ्यात तो मैदानात शिरला आणि तिच्यापुढे तळहात धरला. कोचनं असा हात पुढे केला की पिचरनं वाद न घालता चेंडू द्यायचा, हा त्यांचा रिवाज.

"आय कॅन लाह!" लेक रडवेली झाली. मीही कुंपणाबाहेरून ओरडलो, "कोच, ओन्ली वन मोअर!"

त्यानं चेंडू घेतलाच. आम्ही हरलो.

नंतर तो माझ्याकडे आला. "ती खांदा चोळत होती. तुम्ही स्कोअर बघत होतात." मग त्यानं उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"मी एकदा चेंडू दिला नव्हता."

मी तोच हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.