विशालची सावड

रोह्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष विशाल हा पेणच्या खाडीकाठचा, मिठागरावरचा पोरगा. तो निवडून आला असं म्हणणं धाडसाचं होईल. दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. पण पद मिळाल्यापासून गडी झोपेतही 'मित्रहो' म्हणतो, असं त्याची आईच सांगे. आवाज खणखणीत, आणि मन लोण्याचं. कोणाचं अडलेलं त्याला बघवत नसे.

यंदा सुरभीचं अडलं होतं. ती संघटनेची सेक्रेटरी, डोंगराकडच्या भातशेतीच्या गावातली. गावाला जाणारी संध्याकाळची एसटीची गाडी बंद झाली, तेव्हापासून ती फाट्यावर उतरून अंधारात एकटी चालत घर गाठायची. तिचे आजोबा हैबतराव यांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं: गाडी नाय तर कॉलेज नाय. गणपती झाले की पोरगी घरी बसणार.

विशालने तडकाफडकी आषाढातला एक दिवस धरून एसटीच्या आगारावर मोर्चा ठरवला. त्याचा हिशेब सरळ होता. पावसाळ्यात मिठागरं बंद असतात, त्याच्या गावात सगळे ओट्यावर पत्ते कुटतात; म्हणजे माणसं मोकळीच. मोर्चाला आले कोण? तो स्वतः, झेंडा आणि आगारातलं एक कुत्रं. सुरभीसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो रागारागाने तिच्या गावी जाऊन थडकला. सगळं गाव खाचरांत वाकलेलं, त्यात त्याची निम्मी संघटनाही होती.

"लावणी हाय रे," सुरभी चिखलातूनच म्हणाली. "आता आमच्याकडं मरायलाही कोणी मोकळं नाय."

विशालचा राग कुठच्या कुठे पळाला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तोही हैबतरावांच्या खाचरात उतरला. त्याने लावलेली ओळ कुंडलिका नदीसारखी वळणं घेत गेली आणि बायका हसून हसून बेजार झाल्या. पण दिवेलागणीपर्यंत पठ्ठ्याने कंबर सरळ केली नाही.

हैबतराव मजुरी देऊ लागले, ती त्याने घेतली नाही. म्हातारा अस्वस्थ झाला. त्या गावात लावणी सावडीने चालते: तू माझ्या शेतात राबलास, की मी तुझ्या शेतात राबायचं. त्यांनी विचारलं, तुझं शेत कुठं हाय?

"शेत नाय आजोबा," विशाल म्हणाला. "मोर्चा हाय."

हैबतरावांनी मजुरीचे पैसे परत कनवटीला खोचले. सावड बुडवणारा म्हणून त्यांना मरायचं नव्हतं.

लावणी उरकल्यावर मोर्चा पुन्हा निघाला. सर्वांत पुढे छत्री धरून हैबतराव, मागे झाडून सारं गाव. आगारातल्या साहेबांनी बाहेर येऊन विचारलं, आजोबा, तुमची मागणी काय?

"माझी काय मागणी नाय, साहेब. या पोराचा एक दिस माझ्यावर हाय, तो फेडायला आलो. पण गाडी सुरू होत नाय तवर माझा दिस भरत नाय."

एवढं बोलून त्यांनी तिथेच बसकण मारली. मागोमाग गाव बसलं. विशालचं पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं; तोही हैबतरावांच्या शेजारी जाऊन बसला.

गणपतीच्या आधी गाडी सुरू झाली.

दिवाळीच्या सुमारास भातकापणी आली. विशालची ती वाकडी ओळ हैबतरावांनी कोणाला कापू दिली नाही. ते स्वतः विळा घेऊन वळणावळणाने कापत होते. इतक्यात संध्याकाळची गाडी आली. सुरभी उतरली, दप्तर बांधावर ठेवलं आणि आजोबांच्या शेजारी कापायला लागली.