कवळीतला 'स'

दातेबाईंचं आडनाव दाते नव्हतं. दंतवैद्यांना कवळ्या करून देणाऱ्या आमच्या छोट्या लॅबमध्ये त्या बावीस वर्षं दात बसवत होत्या. कधीतरी कुणीतरी गमतीनं म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. माझं टेबल त्यांच्या शेजारी. त्या मेणात एकेक दात रोवायच्या. मेणाची जागा गुलाबी प्लास्टिकनं घेतली की कवळी घासून चकचकीत करायचं काम माझं. त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. काम झालं की कवळीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, त्या सुईनं तीन टिंबं द्यायच्या. ती त्यांची सही.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मालकांनी एका शनिवारी एक व्याख्याते बोलावले. गृहस्थ दोन तास बोलले. आपण कशासाठी जगतो हे ज्याला ठाऊक, तोच समाधानी, असं त्यांचं म्हणणं. शेवटी प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिलं. आयुष्याचं ध्येय एका वाक्यात लिहा. मी लिहिलं, 'मुलीला डॉक्टर करणे.' प्लास्टर ओतणाऱ्यानं लिहिलं, 'स्वतःचं घर.' दातेबाई पेन धरून बसल्या होत्या.

"लिहा की काहीतरी," मी म्हणालो.

"काहीतरी कसं लिहू? आयुष्याचं आहे ना!"

त्यांनी कार्ड कोरंच परत दिलं, आणि तिथून त्यांच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला गाठलं. ते बस डेपोत मेकॅनिक. पाठीत उसण भरल्यामुळे पालथे पडले होते.

"अहो, तुम्ही कशासाठी जगता?"

"आत्ता? तू इथे जरा दाबशील म्हणून."

मग बहिणीला फोन. ती नर्स, आणि घरातली थोरली, त्यामुळे तिच्याकडे सगळ्याला औषध. "तू स्वतःपुरतं बघतेस ना, म्हणून असं होतं. रविवारी वृद्धाश्रमात जा. वाचून दाखव त्यांना काहीतरी. बघ कसं बरं वाटतं ते."

दातेबाई गेल्या. लांबलचक खोली, बारा खाटा, बारा म्हाताऱ्या. पुस्तक उघडून दोन पानं होतात न होतात तोच निम्म्या झोपल्या. उरलेल्यांनी एकमेकींशी गप्पा सुरू केल्या. बाईंनी पुस्तक मिटलं आणि उगाच इकडेतिकडे पाहिलं. जवळजवळ प्रत्येक उशीशेजारी पाण्याचा ग्लास होता आणि ग्लासात कवळी. खिडकीजवळच्या खाटेवरचा ग्लास त्यांनी उचलला, उजेडात धरला. आत तीन टिंबं.

ती खाट एक्स्चेंजवाल्या आजींची. ऐंशीच्या आसपासच्या, ताठ बसणाऱ्या.

"आजी, ही घालत का नाही तुम्ही?"

"घातली की माझा 'स' शिट्टी मारतो," आजी बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. लोक आवाजावरून ओळखायचे. आता ही घालून मुलीला फोन केला, तर ती विचारते, आई, कुकर लावलायस का?"

ही कवळी मी केली आहे, हे बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

सोमवारी त्या टेबलाशी आल्या आणि नुसत्याच बसल्या. "किती कवळ्या केल्या असतील हो मी?"

"हजारांच्या घरात गेल्या असतील."

"त्यातल्या तोंडात किती आणि ग्लासात किती?"

आमच्याकडे माणूस येतच नाही. येतो तो प्लास्टरचा जबडा, आणि प्लास्टरचा जबडा बोलत नाही. बावीस वर्षांत बाईंनी आपली कवळी घातलेल्या एकाही माणसाला बोलताना ऐकलं नव्हतं. आधी त्यांना ध्येय तेवढं नव्हतं. आता कामावरचाही विश्वास डळमळला. दात उलटे लावले त्यांनी त्या आठवड्यात, एकदा नाही, दोनदा.

शेवटी त्या आजींच्या दंतवैद्य डॉक्टरीणबाईंकडे जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण त्यांनी कधी तक्रारच केली नाही."

"तक्रार करायची तर शिट्टी मारावी लागते ना!"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि तयार झाल्या. दर गुरुवारी दुपारी आजींना आणायचं. तोंडाला हात डॉक्टरांनी लावायचा, मेणाला बाईंनी.

आता घरातही 'स'ची मोहीम सुरू झाली. नवरा न्हाणीघरातून ओरडला, "साबण संपला!" तर या दारात जाऊन त्याच्या तोंडात डोकावू लागल्या.

"परत म्हणा."

"साबण."

"जीभ कुठे टेकली?"

"अगं, साबण संपलाय, जिभेचं काय घेऊन बसलीस!"

पहिल्या गुरुवारी त्यांनी पुढच्या दातांमागे टाळूला मेणाचा थर चढवला. शिट्टी गेली, पण 'स'चा 'थ' झाला. आजी म्हणाल्या, "थात, थतरा," आणि कवळी काढून हातात दिली. "त्यापेक्षा शिट्टी बरी होती, पोरी." बाईंचे कान लाल झाले. मालकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "आपण लॅबवाले. आपल्याला माणसांशी काय करायचंय?" बाई स्वतःलाच तेच विचारत होत्या. आपण हे आजींसाठी करतोय, की आपली सही ग्लासात पडली म्हणून झोंबलंय? मलाही विचारलं त्यांनी. मी म्हणालो, दोन्ही असेल. ते त्यांना पटलं नाही.

दुसरा गुरुवार वाया गेला. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी कवळीच्या टाळूवर पांढरी पूड भुरभुरली आणि आजींना 'स' म्हणायला लावलं. जिथं जीभ टेकली तिथली पूड पुसली गेली. डाव्या बाजूला ती पुसलीच गेली नव्हती. तिथं केसभर मेण वाढवलं, उजवीकडे तेवढंच खरवडलं.

आजींनी कवळी चढवली, घसा साफ केला. "सात. सतरा. सत्तावीस. सदुसष्ट. सत्त्याहत्तर." मग आजी आणखी ताठ बसल्या आणि तीस वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार, एक्स्चेंज. कोणता नंबर हवाय?"

त्या मेणाच्या जागी प्लास्टिक आलं आणि आठवड्यानं बाई स्वतः कवळी घेऊन वृद्धाश्रमात गेल्या. आजींनी लगेच मुलीला फोन लावला, चांगली वीस मिनिटं बोलल्या. तेवढ्यात जेवणाची ताटं आली. आजींनी कवळी काढून ग्लासात टाकली.

"आता काय झालं?" बाईंनी घाबरून विचारलं.

"चावताना अजून टोचतेच गं. बोलायला घालीन, जेवायला काढीन."

तिथून घरी जाताना बाई चुकीच्या बसमध्ये चढल्या. भूक आहे की रडू येतंय ते कळेना, म्हणून उतरून एक केळं खाल्लं. भूक नव्हती, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

"म्हणजे जमलं की नाही जमलं?"

"अर्धं जमलं," मी म्हणालो.

"अर्ध्याचा आनंद धरायचा असतो का?"

मी पुढची कवळी घासायला घेतली.

त्याला आता वर्ष होत आलं. वृद्धाश्रमातल्या आणखी चौघींनी कवळ्या दुरुस्त करून घेतल्या, त्यातल्या दोघी वापरतात. एकीनं सरळ सांगितलं, मला बोळकं तोंड आवडतं, तू जा. बाई दर गुरुवारी दवाखान्यात बसतात, माणसं बोलताना ऐकतात, आणि प्रत्येक जबड्याबरोबर एक चिठ्ठी आणतात: हा फळं विकतो, ओरडावं लागतं, ही कुणाशी फारसं बोलत नाही, पण हसते. त्यांच्या हातून कवळ्या आता कमी होतात. मालक कुरकुरले, मग परत येणाऱ्या कवळ्याही कमी झाल्या तेव्हा गप्प बसले. समाधान वाटतं का, असं मी एकदा विचारलं.

"सांगता येत नाही. पण बुधवार फार लांबतो."

गेल्या गुरुवारी एक शिंपीकाका आले होते. त्यांना पुढचा एक दात असा हवा, की धागा तोडता येईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कात्री वापरा. काका म्हणाले, "दोन्ही हात कापडात असतात, डॉक्टर. कात्री कुठल्या हातात धरू?" टोकदार दात ठेवला तर ओठ कापेल, बोथट ठेवला तर धागा तुटणार नाही. काय योग्य ते बाईंना ठरवता येईना. त्यांनी काकांकडून दोऱ्याचं एक रीळ मागून घेतलं.

आज सकाळपासून त्या माझ्या शेजारी प्लास्टरचा जबडा उघडझाप करत बसल्या आहेत. दोरा दर वेळी निसटतो. आत्ताच त्यांनी न बघता दोऱ्याचं टोक माझ्याकडे सरकवलं.

"धरा हो जरा. ताणून धरा. अजून."